शेंदराखालची तिसरी ओळ

"मास्तर गेले," सांगलीच्या दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून वहिनींनी सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आणि तिसरी ओळ?" लाज वाटते लिहायला, पण असंच झालं. "राहिली, भाऊजी," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

आटपाडीकडच्या आमच्या गावाच्या वेशीत एक वीरगळ आहे. लढताना पडलेल्या माणसासाठी पूर्वी असे दगड उभे करत. खाली जुन्या कन्नड लिपीत तीन ओळी. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. मी रस्त्यांवरचा ओव्हरसियर, त्यांचा बालमित्र. ती लिपी शिकायला ते दर रविवारी जतला एका म्हाताऱ्या शिक्षकांकडे जात. दोन ओळी लागल्या होत्या : गावची गुरं सोडवताना पडला. कोण पडला, ते तिसरीत. "गुरं वाचली, गाव दूध प्यायलं, आणि त्याचं नाव ठाऊक नाही? निमकहराम आहोत लेको आपण!" असं चिडून म्हणायचे.

आणि नेमकं रस्तारुंदीचं काम निघालं. दगड रस्त्याच्या आखणीच्या खुंट्यांच्या आत. बुलडोझर घेऊन मीच गेलो.

"आठ दिवस दे. जतच्या गुरुजींना आणून कागदावर ठसा घेतो, मग काय ते कर."

"दुपारपर्यंत साफ करायचंय, मास्तर. साहेब येतोय. बाजूला हो."

माझ्याकडे असं बघितलं… आणि तरातरा घरी गेले. आले ते शेंदूर-तेलाची वाटी घेऊन. देवळाची पायरी न चढलेला हा माणूस! दगडावरच्या घोडेस्वाराला शेंदूर फासू लागला. ओळी मात्र सोडल्या.

ड्रायव्हर वाकून म्हणाला, "मास्तर, खाली अक्षरं हायती की. द्येव असता तर अंगावर लिवलं असतं व्हय?" आणि मशीन पुढं आलं. चार हात. तीन हात. मी हात वर करायला हवा होता. नाही केला.

मास्तरांनी डोळे मिटले आणि दोन्ही तळव्यांनी त्या तीन ओळी लिंपून टाकल्या.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, चपला काढून खाली उतरला. "द्येवावर मशीन न्हाई घालनार, सायेब." देव आडवा आला म्हटल्यावर साहेबानंही हात जोडले. मी खुंट्या सरकवल्या.

संध्याकाळपासूनच नारळ फुटू लागले. रोज नवा शेंदूर. एकदा मास्तर शेंदूर खरवडायला सुरी घेऊन गेले, तर एक बाई तापानं फणफणलेलं पोर दगडापुढं घेऊन बसलेली. तसेच परतले. मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तेराव्याला वहिनी म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस नुसती नावं घेत होते, भाऊजी. एकेक नाव घ्यायचे, 'हे नव्हे' म्हणायचे… सगळी जुनी, कानडी वळणाची, आपल्यातलं एकही नव्हतं. कुणाची हो ती?"

मास्तरांनी आठ दिवस तर मागितले होते.