नारिंगी जाकीट

आमच्या बुधवारच्या सायकल टोळीत पुढे कोण जाणार यावरून पुष्कळ भांडणं झाली. त्यातली निम्मी मीच केली. मागे कोण राहणार यावरून मात्र कधी शब्दाला शब्द लागला नाही. मागे विल्मिन. नारिंगी जाकीट घातलेली विल्मिन हिटब्रिंक, काळ्या जुन्या सायकलवर, पाठ ताठ, तोंडात ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी.

तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले. तिच्याबद्दल कुणी लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे. हॉलंडमधल्या आमच्या झुत्फेन गावात पुतळे उभारायचे ते सरदारांचे आणि बिशपांचे. म्हणून मी लिहितोय. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून आयसेल नदीकाठच्या वीटभट्टीवर लागलो. धड वाचायला-लिहायला शिकलो तो नगरपालिकेशी भांडता भांडता. बांधावरून सायकलींना वाट मिळावी म्हणून मी साहेबांच्या दारात सायकल आडवी टाकून बसलो होतो. आज त्या वाटेवरून जाणाऱ्या कुणाला ते माहीत नाही. नसो. वाट आहे ना, पुरे.

विल्मिनने उभा जन्म पोहण्याच्या तलावावर काढला. कपडे बदलायच्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे. संध्याकाळी दिवे मालवण्याआधी ती प्रत्येक खोलीचं दार ढकलून बघायची, मग पाण्याच्या कडेने एक फेरी मारायची, आणि तळ नीट दिसला की मगच कुलूप. तिचा नवरा गेराल्ड म्हणायचा, "आमच्या हिला स्वर्गात धाडलं ना, तरी दाराशीच उभी राहील. बाकीचे आत गेले का बघत."

निवृत्त झाली आणि आमच्यात आली. पहिल्याच बुधवारी न विचारता मागे राहिली. कुणीतरी तिला रस्ता दुरुस्तीवाल्यांचं नारिंगी जाकीट दिलं, आणि तिथून नियम पडला. आमच्यात डोकी मोजायची पद्धत नव्हती. मोजायची ती मेंढरं. आमचा हिशेब सोपा होता. नारिंगी जाकीट आलं की सगळे आले. तोवर नदी ओलांडायच्या नावेवर नावाड्याने मागची साखळी लावायची नाही, कॉफी ओतायची नाही, आणि सफरचंदाच्या केकला सुरी लावायची नाही.

काय दिवस होते ते! डूसबुर्खहून निघायचं, हातेमपर्यंत जायचं, आणि घाई म्हणून कशाची नाही. सपाट मुलूख. बांधावर चढलं की एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला छाटलेल्या वाळुंजांच्या रांगा, आणि पुढच्या गावाचा मनोरा इतका आधी दिसायचा की तो जवळ येता येईना. चढ नाही म्हणतात लोक आमच्याकडे. उलटा वारा खाल्लाय का कधी? तोच आमचा डोंगर. मग गावाच्या वेशीतून आत, दगडी फरसबंदीवर सायकली खडखडायच्या, दात वाजायचे, आणि वजनकाट्याच्या जुन्या इमारतीसमोर बाकावर बसून राय ब्रेड आणि चीज. केक समोर, हात मांडीवर, डोळे गल्लीच्या तोंडाकडे.

"आली का हो तुमची आगगाडी?" हॉटेलवाली विचारायची.

"डबे आले," मी म्हणायचो. "गार्ड यायचाय."

बहुतेक वेळा उशीर टोन गारित्सेनमुळे. टोन पूर्वी बेकरीवाला. आयुष्यभर पहाटे उठून घाई केली, आता ती सगळी वसूल करत होता. जरा करकोच्याचं घरटं दिसलं की सायकल झाडाला टेकवून हा खाली कुरणात. विल्मिन बांधावर एक पाय टेकून थांबायची.

"टोन, त्या पिल्लांना उडायला शिकवून येणार आहेस का?"

"तू हो पुढे."

"मी पुढे झाले तर तू कुणाच्या पुढे राहशील?"

मग आल्या बॅटरीच्या सायकली. पायडलला नुसता पाय लावला की पळते. आधी एकाने घेतली, मग सगळ्यांनी. मीसुद्धा घेतली, माझे गुडघे भट्टीने खाल्ले होते. टोळी बांधावरून सुसाट सुटायची आणि विल्मिन मागे ठिपक्याएवढी दिसायची. तिच्या सायकलला गियर नव्हते, ब्रेक लावायचा तो पायडल उलटं फिरवून. केकसमोर बसणं लांबायला लागलं. माणसं घड्याळं बघायला लागली.

एव्हर्ट हा आमचा अध्यक्ष. पश्चिमेकडचा, विमा कंपनीतून निवृत्त झालेला. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीची सरासरी काढायची खोड. एके बुधवारी कॉफीच्या वेळी तो म्हणाला, "विल्मिन, मनाला लावून घेऊ नकोस. एक तर तू बॅटरीची घे, नाहीतर जाकीट दुसऱ्या कुणाला दे."

मी कप आपटला. "तू आलास कधी इथे? कालपरवा! ती नसती तर तू डेव्हेंटरच्या गल्ल्यांत अजून चकरा मारत असतास!"

"हार्म, तू मधे बोलू नकोस."

"मधे बोलू नको? ही टोळी उभी केली तेव्हा..."

"हार्म," विल्मिन म्हणाली. "ओरडू नकोस, दूध नासेल." तिने जाकिटाची चेन वर ओढली, खाली केली. तिच्याकडून ते जाकीट जाणं म्हणजे काय हे मला तिच्या बोटांकडे बघून कळलं. तिला रिकाम्या तलावाला कुलूप लावायची सवय होती. ते काम एकदा सुटलं होतं, पुन्हा सुटायला नको होतं. "घेईन बॅटरीची," ती म्हणाली. "जाकीट माझंच."

तिच्या नव्या सायकलवरच्या पहिल्याच सहलीत वारा पाठीशी होता. आम्ही नावेच्या धक्क्यावर पोचलो, वळून बघतो तर नारिंगी जाकीट आमच्या पाठोपाठ! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एव्हर्ट तर असा खूश, जणू पायडल त्यानेच मारलं. ब्राम नावाड्याने जाकीट बघितलं, साखळी लावली, आणि आम्ही पलीकडे.

केक कापला गेला. विल्मिनने पहिला घास काट्यावर घेतला, आणि नदीपलीकडून घंटा वाजली.

आमच्याकडे नाव हवी असली की धक्क्यावरची घंटा ओढायची. नदीपलीकडे एक बारका माणूस, शेजारी उभी सायकल. टोन.

टेबलावर हशा पिकला. "हा घ्या! राहिला करकोच्यांच्या पंगतीला!"

विल्मिन हसली नाही. काटा ताटलीत ठेवून उठली. ब्राम आपला डबा उघडून बसला होता. आमच्याकडे जेवणाची सुट्टी म्हणजे सुट्टी, राजा आला तरी नाव हलत नाही.

"जेवू दे मला, विल्मिन. मग आणतो त्याला."

"जेव तू. मी काठावर आहे."

ती धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. पाण्याला लागून, पलीकडून नीट दिसेल अशी. एकदा हात वर केला. टोनने घंटा ओढायची थांबवली आणि दगडावर बसला. ती बसली नाही. मी केक नेऊन दिला, तिने बघितलाही नाही. एव्हर्ट आला.

"अगं, मोठा माणूस आहे तो."

"तलावात बुडतात तेही मोठेच असतात."

एव्हर्ट टेबलाकडे परतला. मी त्याला काही बोललो नाही, माझ्या आयुष्यात असं क्वचितच घडलं असेल.

ब्रामने टोनला आणलं. तो सायकल ढकलत हसतच वर आला. "संपला वाटतं केक?"

"कुठे होतास तू?" विल्मिनने विचारलं.

"वाळुंजाखाली. तू भुर्रकन गेलीस ना माझ्या डोक्यावरून. हाक मारली की मी! म्हटलं, जाऊ दे, हिलाही एकदाची घाई झाली."

त्याच्या मनात काही नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. तिलाही. पण ती वळली, सायकलच्या कॅरिअरखालची बॅटरी खटकन काढली आणि एव्हर्टच्या हातात दिली. "ही तू वागव."

परत येताना वारा उलटा होता. बॅटरीशिवाय ती सायकल म्हणजे लोखंडी पलंग. ती उठून उठून पायडल मारत होती. मी शेजारी राहायला गेलो.

"पुढे हो, हार्म."

"सोबत येतो."

"सोबत नको. पुढे."

गेलो पुढे. गावाच्या वेशीवर सगळे थांबले होते. कुणी घड्याळ बघितलं नाही.

पुढच्या बुधवारी ती आपल्या काळ्या सायकलवर हजर. एव्हर्टने आपली मोटर बंद केली, आणि बांधावर चढेपर्यंत त्याला धाप लागली. मग हळूहळू सगळेच बंद करायला लागले. पुन्हा मनोरे हळू जवळ यायला लागले. तशी किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. मला वाटलं होतं ती संपणारच नाहीत.

मग तिचा तोल जायला लागला. एका सकाळी ती माझ्या दारात, हातात जाकीट, धुऊन इस्त्री केलेलं.

"घे. आता तुझं."

"मी नाही घेणार. मी पुढे जाणारा माणूस आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग खुंटीला लाव."

"तूच घालणार!" माझा आवाज चढला. "मी दोघांची सायकल आणतोय भाड्याने. पुढे मी. मागची सीट कुणाची असते गं तसल्या सायकलवर?"

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू रागावलास की जरा कामाचं सुचतं तुला," म्हणाली, आणि जाकीट उलगडलं.

त्या बुधवारी आम्ही दोघं टोळीच्या शेपटाला होतो. वाटेत टोन करकोच्यांसाठी थांबला तेव्हा माझ्या पाठीत बोट टोचलं गेलं. थांबलो. पिल्लं बघून झाली, टोन वर आला, निघालो. धक्क्यावर ब्राम साखळी हातात घेऊन उभा.

"सगळे आले?" त्याने विचारलं. माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

सीट करकरली. तिने वळून रिकाम्या बांधाकडे, वाळुंजांकडे, पार वळणापर्यंत नजर टाकली.

"आले," विल्मिन म्हणाली. "लाव साखळी."