बिनचिठ्ठीच्या बरण्या

फळांच्या रसाच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने एकच काम केलं, चव घेण्याचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय मजेची नोकरी आहे! बसल्या जागी रस प्यायचा आणि वर पगारही घ्यायचा. तिच्यासमोर असं कोणी बोललंच तर ती त्याचा असा समाचार घ्यायची, की तो पुन्हा तिच्या वाटेला जायचा नाही. मजा कसली डोंबलाची? सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीस चमचे. घोट तोंडात घोळवायचा, एनॅमलच्या भांड्यात थुंकायचा, चूळ भरायची, की पुढचा चमचा. कामाच्या दिवशी कांदा-लसूण बंद, केसांना वासाचं तेल बंद, सकाळचा चहासुद्धा बंद. आणि एवढं करून निकाल काय द्यायचा, तर "चालेल" किंवा "ओता". तिसरा शब्द तिने त्या खोलीत कधी उच्चारला नाही.

एकदा नव्या मॅनेजरने करपलेल्या पाकाचा रस तिच्याकडून पास करून घ्यायचा घाट घातला. टाकी मोठी होती, ओतायला त्याचा जीव होत नव्हता. तिने पेलाभर रस काढला, त्याच्या टेबलावर आदळला आणि म्हणाली, "घरी न्या, तुमच्या लेकरांना पाजा आणि उद्या येऊन मला सांगा." टाकी ओतली गेली. त्या दिवसापासून कामगार तिला फौजदारीण म्हणू लागले, आणि हळूहळू तिच्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. आता नवरा राहिला नाही, नोकरीही संपली, नाव तेवढं मागे राहिलं.

अशा बाईला मैत्रिणी मिळाव्यात हेच नवल. पण तिला तीन मिळाल्या होत्या, त्याही शाळेपासूनच्या. एक नर्स, दुसरी बसची कंडक्टर, आणि तिसरी कपडे शिवणारी, जिला सगळ्या टेलरबाई म्हणत. दर उन्हाळ्यात, ऊन अगदी डोकं फोडायला लागलं, की एका रविवारी चौघी गावाबाहेरच्या तलावावर जायच्या. दिवसभर. नवरे नाहीत, मुलं नाहीत, नातवंडं तर मुळीच नाहीत. नर्स भाजलेली कोंबडी आणि बिअरच्या दोन बाटल्या आणायची, कंडक्टर कलिंगड, टेलरबाई उकडलेले बटाटे, काकड्या आणि पाव. कपडे गुडघ्यापर्यंत खोचून, पाय पाण्यात सोडून चौघी पायऱ्यांवर बसल्या, की तोंडाचा पट्टा सुटायचा. सरबत मात्र फौजदारिणीचं. लिंबू, पुदिना, आलं, मुठी मुठी पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. त्या सरबतावरून भांडण ठरलेलं. एक म्हणायची आलं जास्त झालं, दुसरी म्हणायची गेल्या वर्षी बरं होतं, तिसरी म्हणायची साखर काय चोरून आणलीस, एवढी कमी? फौजदारीण एकेकीला फाडून खायची आणि तिघी पोट धरून हसायच्या.

या वर्षी थंडीत तिला ताप आला. आठ दिवसांनी तो गेला आणि जाताना वास आणि चव, दोन्ही घेऊन गेला. आधी तिला वाटलं, आजारपणाने तोंड बेचव झालंय, येईल परत. एक महिना गेला, दोन गेले. मिरची चावली तर जीभ भाजायची, पण मिरची लागायची नाही. डॉक्टर म्हणाले, "नसांचं काम आहे. कदाचित येईल चव."

"कदाचित म्हणजे? मी कारखान्यात कदाचित म्हणाले असते, तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं," असं डॉक्टरांना सुनावून ती तरातरा घरी आली आणि कोणाजवळ एक अक्षर बोलली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, मैत्रिणींना तर नाहीच. ज्या जिभेच्या जोरावर आयुष्यभर सगळ्यांना धाकात ठेवलं, ती जीभ मेली हे सांगायचं कसं? ती पूर्वीसारखाच घास घोळवायची, कपाळाला आठी घालायची आणि "चालेल" म्हणायची. म्हटलं की स्वतःचाच संताप यायचा. एकतीस वर्षांत तिने न चाखता काहीही पास केलं नव्हतं.

तलावावर जायच्या रविवारी सकाळी ती सरबत करायला ओट्यासमोर उभी राहिली. तिच्या स्वयंपाकघरात एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. सुनेने एकदा लावायला घेतल्या होत्या, तर "चिठ्ठ्या कारकुनांना लागतात, मला जीभ आहे" म्हणून हिने सगळ्या उपटून फेकल्या होत्या. समोर दोन सारख्या बरण्या, दोन्हींत पांढरी पूड, कारण मीठसुद्धा ती लवकर विरघळावं म्हणून वाटून ठेवायची. सवयीने तिने एक चिमूट जिभेवर टेकवली. काही नाही. दुसरी टेकवली. काही नाही. बोटांत चोळून पाहिलं, खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. सून पलीकडच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण हाक मारायची म्हणजे सगळं सांगायचं. तिने डावीकडच्या बरणीत मूठ घातली.

तलावाचं पाणी खाली गेलं होतं, तरी शेवटच्या दोन पायऱ्या अजून बुडालेल्या होत्या. कंडक्टरने आल्या आल्या पिशवीतून जुनी शिट्टी काढून वाजवली, "चला, पुढे सरका, मागे जागा नाही!" असं रिकाम्या पायऱ्यांना ओरडून सांगितलं आणि शेवाळावरून घसरून कपड्यांसकट पाण्यात बसली. उठायचं सोडून तिथेच बसून हसत राहिली. नर्सने पायरीच्या काठावर ठोकून बिअरचं झाकण उडवलं, फेस टेलरबाईच्या मांडीवर. टेलरबाईने तिला काकडी फेकून मारली. कोंबडीचा लचका तोडून, काठावरच्या झाडाकडे बघत नर्स म्हणाली, "मेल्यावर मला हेच पाहिजे. हेच झाड आणि हीच कोंबडी." फौजदारीणही कोंबडी चावत होती. दाताखाली नुसता चोथा येत होता.

मग तिने चार पेले भरले. तिघींनी घोट घेतला.

"वा!" नर्स म्हणाली.

"फक्कड," कंडक्टर म्हणाली.

"यंदा अगदी मस्त जमलंय हं," टेलरबाईने पुस्ती जोडली.

फौजदारिणीने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. इतक्या वर्षांत या तिघींचं सरबतावर एकदाही एकमत झालं नव्हतं. तिने आपला पेला तोंडाला लावला. गारवा लागला, आलं जरासं टोचलं, बाकी काही नाही.

"आलं जास्त नाही ना झालं?"

"छे गं!"

"साखर?"

"बरोब्बर!" तिघी एकदम.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नर्सचा पेला रिकामा होता आणि तिच्या मागचं गवत ओलं होतं. कंडक्टर पाठमोरी होऊन पेला तलावात विसळत होती. टेलरबाई मात्र फौजदारिणीच्या खांद्याला खांदा लावून बसलेली, तिला ओतायला जागाच नव्हती, तिने पेला मुकाट्याने पिऊन संपवला होता. सरबताचं काहीतरी बिघडलं होतं, आणि या बायका तिच्या डोळ्यांत धूळ फेकत होत्या. काय बिघडलंय ते विचारायचं म्हणजे पुन्हा सगळं सांगायचं. तिने सरबताचा जग उचलला आणि टेलरबाईचा पेला काठोकाठ भरला.

"आवडलं ना? मग घे की अजून."

"पुरे गं. पोट भरलंय."

"का? मस्त जमलंय म्हणालीस ना? की तोंडदेखलं बोललीस?"

फौजदारीण तिच्या तोंडाकडे रोखून बघत राहिली. टेलरबाईने एकदा नर्सकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सगळा पेला घशाखाली उतरवला. डोळे उघडले तेव्हा ते पाण्याने भरले होते.

"आणखी घे," फौजदारीण म्हणाली.

नर्सने झडप घालून जग हिसकावला. तो हातातून निसटून पायऱ्यांवर आपटत खाली तलावात गेला. "बाई आहेस की कसाई? मीठ आहे त्यात! निव्वळ मीठ! तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, माहीत नाही तुला?"

फौजदारीण उठून उभी राहिली. "मग आधी बोलला का नाहीत? तिघी मूग गिळून बसलात! वा काय, फक्कड काय!"

"कारण आम्हाला माहीत आहे!" नर्सही आता पेटली होती. "महिना झाला. माझ्या घरी करपलेल्या दुधाची कॉफी प्यायलीस आणि चालेल म्हणालीस. तू! करपलेल्याला! मी बाई आयुष्यभर रोगी बघत आलेय, मला कळणार नाही? आम्ही म्हटलं, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. तोवर दुखवायचं नाही."

"आणि तोवर माझी कीव करायची! लहान पोराने मातीचा खाऊ केला की म्हणतात तसं वा वा करायचं! त्यापेक्षा ते सरबत माझ्या तोंडावर फेकलं असतं तर बरं झालं असतं."

"तू आम्हाला कमी वेड्यात काढलंस?" कंडक्टर पाण्यातून निथळत वर आली. "माझ्या सूपला चालेल म्हणालीस त्या दिवशी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, मूर्खासारखी! शेजारणीलाही सांगितलं!"

तेवढ्यात टेलरबाई पायरीच्या कडेला वाकली आणि तिला उलटी झाली. नर्सने तिला सावलीत ओढलं, मानेवर ओला पंचा टाकला, पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढून दंडाला बांधलं. सगळ्या त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

"बीपी वाढलंय," नर्स म्हणाली. "पण घाबरण्याएवढं नाही. घोट घोट पाणी पी. हलू नकोस."

फौजदारीण तिथेच उभी होती. इतका वेळ ज्या तिघींवर चिडली होती, त्यांच्यावर आता चिडता येईना. मीठ चुकून पडलं होतं, ते सोडा. पण दुसरा पेला चुकून भरला नव्हता. काहीतरी वाईट आहे हे पुरतं कळल्यावर तिने तो भरला होता, आणि जी बाई नाही म्हणू शकत नाही तिच्याच हातात दिला होता. असं करणाऱ्याला तिने कारखान्याच्या दाराबाहेर काढलं असतं. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं तिला झालं.

ती टेलरबाईजवळ जाऊन बसली. "भवाने, प्यायलीस कशाला? या दोघींसारखं ओतून द्यायचंस."

"तू बघत होतीस ना."

"मग तोंडावर सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू उठून गेली असतीस," टेलरबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मागे तुझ्या बाह्या उसवल्यात असं चारचौघांत बोलले, तर सहा महिने माझ्याशी बोलली नाहीस. आता या वयात सहा महिने कुठून आणू?"

फौजदारिणीने पायरीवर तळहात आपटला, एकदा, दोनदा, लाल होईपर्यंत. "काही लागत नाही मला," ती म्हणाली. "थंडीपासून. तुमची कोंबडी, बटाटे, सगळं ओल्या कागदासारखं. माझ्या नातवाच्या डोक्याचा वास येत नाही मला." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला आणि त्याचाही तिला राग आला. कोणी "येईल हो परत" म्हणालं असतं तर तिने त्या बाईला तलावात ढकललं असतं. कोणी म्हणालं नाही.

बऱ्याच वेळाने कंडक्टरने कलिंगड पायरीवर ठेवून चिरलं आणि प्रत्येकीच्या हातात न विचारता एकेक फोड दिली. फौजदारिणीने चावा घेतला. थंड होतं आणि ओलं होतं. तिने टेलरबाईकडे तोंड फिरवलं.

"सांग."

"काय सांगू?"

"कसं लागतंय ते सांग."

"गोड आहे."

"गोड! एवढं दुकानदारही सांगतो. किती गोड? कुठे गोड?"

टेलरबाई गोंधळली. "अगं, माझं तोंड अजून खारट आहे. त्यामुळे जरा जास्तच गोड लागतंय."

"मग आधी चूळ भर!" फौजदारीण खेकसली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली. "खारट तोंडाने चव घेतात होय? अर्धवट कुठली! अजून एकदा. हं. आता चाव. गिळू नकोस लगेच, घोळव."

टेलरबाईने डोळे मिटले. गाल एकदा इकडे, एकदा तिकडे फुगले. नर्स आणि कंडक्टर खायच्या थांबून तिच्याकडे बघत होत्या.

"मधे गोड," ती हळूहळू म्हणाली. "अगदी मधे, बी नसते तिथे. मग जरा कमी. दाताला पाणी पाणी लागतं... आणि सालीजवळ आलं की गोड नाहीच. तिथे काकडीसारखं. कच्चं. पण वाईट नाही."

फौजदारिणीने आपली फोड तोंडाशी नेली आणि टेलरबाई सांगेल त्या क्रमाने चावायला सुरुवात केली, आधी मधे, मग कडेला. रस कोपरापर्यंत ओघळला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"थांबलीस का?" ती ओरडली. "पुढे बोल!"