नोंदीतलं माझं नाव

ते दोघं आले तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. सासूबाई ओसरीत शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली, "आगं, कोन आलंय बघ. तुझं नाव इचारत्यात."

दारात साध्या कपड्यांतल्या एक बाई आणि त्यांच्या मागं एक पुरुष उभा होता. बाईंनी ओळखपत्र दाखवलं. सांगलीच्या सायबर पोलिसांत त्या फौजदार होत्या. हातातला छापील कागद त्यांनी माझ्यासमोर धरला.

"हा पत्ता तुमच्याच घराचा ना?"

कागदावर माझं पूर्ण नाव होतं, मोबाइल नंबर होता आणि खाली आमची गल्ली, आमचा घर नंबर, तासगाव.

"हो," मी म्हणाले.

"चार दिवसांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका शाळेला ईमेल गेला. वर्गात स्फोटकं ठेवलीत म्हणून. पाचशे मुलं भर उन्हात रस्त्यावर काढावी लागली. तो ईमेल ज्या इंटरनेट नंबरवरून निघाला, त्याच्या नोंदीत तुमचं नाव आहे."

माझ्या हातात पिळलेली चादर तशीच होती. तिचं पाणी पायावर ठिबकत होतं हे मला कळत होतं, पण ती खाली ठेवायचं सुचत नव्हतं. सासूबाई सूप बाजूला सारून उठल्या. "आवं, तिनं काय केलंय? ती कुटं जात बी न्हाई. हापिस आन् घर."

"आजी, नुसती चौकशी आहे," फौजदारबाई म्हणाल्या. पण बोलताना त्यांची नजर घरभर फिरत होती. कोपऱ्यातल्या टेबलावरचा संगणक त्यांनी पाहिला, मुलांची दप्तरं पाहिली, भिंतीवरचा माझ्या नवऱ्याचा लष्करी वेशातला फोटोही पाहिला. नवरा तेव्हा जम्मूकडे होता.

उद्या अकरा वाजता कंपनीचे सगळे कागद घेऊन सांगलीला या, एवढं सांगून ती दोघं गेली.

आमची कंपनी लहान. सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका सुभेदारांनी ती काढली होती. तासगावात आणि आजूबाजूच्या गावांत आम्ही इंटरनेट पुरवायचो. बेदाण्याचे व्यापारी, कोल्ड स्टोरेज, चार शाळा आणि दोन दवाखाने आमचे ग्राहक होते. बेदाण्याच्या एका गोदामावर, माडीवर ऑफिस होतं. हंगामात खालून बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास वर यायचा. मी बी.एस्सी. झालेली, पहिल्या दिवसापासून तिथं होते. खांबावर चढायचं काम बाकीच्यांचं आणि कागदांचं सगळं माझं.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक नंबर लागतो. असे एक हजार चोवीस नंबर आमच्या कंपनीला मिळाले होते. ज्या संस्थेकडून ते मिळतात ती त्यांची नोंद ठेवते. नंबर कुठल्या कंपनीचे, तिचा पत्ता काय, मालक कोण, आणि त्या नंबरांवरून कुणाला त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची. ही नोंद जगातला कुणीही माणूस उघडून बघू शकतो.

अर्ज भरला त्या दिवशी सुभेदार माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. "मालक म्हनून माजं लाव. आन् तक्रारीला तुजं लाव, पोरी. फोन तूच उचलतीस न्हवं?"

"काका, ऑफिसचा पत्ता देऊ का? जागा बदलायची म्हणताय ना?"

"मग घरचा दे की. घर कुटं पळून जातंय?"

मी घरचा दिला. नोंद झाल्यावर ती मोबाइलवर उघडून नवऱ्याला दाखवली होती. माझं नाव असं कुठं छापून आलेलं ते पहिलंच.

फौजदारबाई गेल्यावर मी तडक संगणकापाशी बसले. नोंदीच्या खात्यात शिरायला पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. मग सगळ्या जगाला दिसते ती नोंद उघडली. कंपनीचं नाव आमचंच होतं. पत्ता मात्र मी कधी न पाहिलेल्या शहराचा. सुभेदारांच्या जागी कुणा परक्या माणसाचं नाव आणि त्याचा मोबाइल नंबर. आणि त्याखाली तक्रारीसाठी मी. माझं नाव, माझा नंबर, माझं घर. ज्यानं कुणी हे केलं त्यानं बाकी सगळं पुसलं आणि मला तेवढं ठेवलं. तक्रार येईल ती माझ्या दारात यावी म्हणून.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मी दचकले तशा त्याही दचकल्या.

मी नोंदणी संस्थेला फोन लावला. बऱ्याच वेळानं एक बाई बोलल्या. माझं ऐकून घेतलं, काहीतरी तपासलं आणि म्हणाल्या, "बदल तीन आठवड्यांपूर्वी झालाय. मालकांच्या ईमेलवरूनच विनंती आली होती. तुमच्या लेटरहेडवर पत्र आहे. सहीसुद्धा आहे."

"मालकांचा तो ईमेल बंद आहे. दोन वर्षं झाली."

"बंद असलेल्या ईमेलवरून विनंती कशी येईल?"

तेवढ्यात मला उत्तर कळलं. नोंदीत तसाच राहिलेला तो ईमेल आमच्या जुन्या संकेतस्थळाच्या नावावर होता. कंपनीनं नवं नाव घेतल्यावर जुन्याची मुदत पैसे भरून वाढवायचं काम माझ्याकडे होतं. कोण वापरतंय आता ते, असं म्हणून मी ते सोडून दिलं. सोडलेलं नाव कुणीतरी उचललं, त्यावर सुभेदारांचा तोच ईमेल पुन्हा उभा केला, आणि पासवर्ड विसरलो म्हणून कळवलं. नवा पासवर्ड त्याच्या हातात पडला. संस्थेकडून दरवर्षी मला विचारणा यायची, नोंदीतली माहिती बरोबर आहे का? दरवर्षी मी न वाचता 'बरोबर' दाबत आले होते.

"मी नोंद आत्ता गोठवते," त्या बाई म्हणाल्या. "आता कुणालाच काही बदलता येणार नाही. पण ती परत द्यायची तर मला मालक स्वतः व्हिडिओवर हवेत. ओळखपत्रासह."

"मी बोलले तर?"

"मॅडम, तुमचं नाव त्यानं ठेवलंय. का ठेवलंय मला माहीत नाही. तुम्ही कोण आहात हेही मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सांगलीत तीन तास गेले. फौजदारबाईंनी कागद नीट पाहिले, चहाही दिला. नोंद कुणीतरी बळकावली आहे, हे त्यांना पटल्यासारखं वाटलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पण तो माणूस आत शिरला कसा?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

हवालदारानं ते लिहून घेतलं. मी खाली सही केली. सांगितलं तर मीही त्यात सामील होते असं लिहितील, मुलांची आई कोठडीत जाईल, नवऱ्याच्या पलटणीत कळेल, असं सगळं डोक्यात एकदम गोळा झालं होतं.

सुभेदार तेव्हा वाईला होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली होती. संस्थेकडून व्हिडिओची वेळ ठरवून घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. कराडला बदलली, साताऱ्याला बदलली. रस्त्यात दोनदा अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत न्हाई का? खिडकीत बसता का?"

सुभेदारांची लेक दार उघडायला आली. आत नेण्याआधी तिनं मला थांबवलं. "ताई, एक सांगते. बाबांना सगळं समजतं. पण आता तोंडातून एकच शब्द येतो. व्हय. हो म्हणायचं असलं तरी व्हय, नाही म्हणायचं असलं तरी व्हय. दुसरं येतच नाही."

त्या बाई व्हिडिओवर विचारणार होत्या, हा बदल तुम्ही केला का? आणि काका म्हणणार होते, व्हय.

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा होता. मला बघून डोळे भरले. लेक चहा टाकायला आत गेली तसं मी स्टूल ओढलं आणि त्यांना सगळं सांगितलं. शाळा, पोलीस, परका माणूस. मग तेही सांगितलं. "काका, जुनं नाव मीच सोडलं. दरवर्षी विचारत होते, मी बघितलंच नाही. आणि पोलिसांना मी खोटं सांगून आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय."

त्यात राग होता, की 'असू दे' होतं, मला कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

ठरल्या वेळी मी मोबाइल डब्याला टेकवून त्यांच्यासमोर उभा केला. नोंदणी संस्थेतल्या बाई दिसल्या. काकांना एकच शब्द बोलता येतो, हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्या मान हलवत होत्या, पण चेहरा कोरा होता.

"सर, ही कंपनी तुमची?"

"व्हय."

"नोंदीत हा नवा माणूस तुम्ही घातला?"

"व्हय," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पिळवटला. मान जोरात हलली, पण ती हलली कुठं हे धड कळेना. "व्हय! व्हय!" ते ओरडले. लेकीनं त्यांचा खांदा धरला. मी काही बोलणार तर त्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बोलू नका. तुम्ही कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हा."

मी भिंतीला लागून उभी राहिले. 

सुभेदार डाव्या हातानं टेबलावर काहीतरी चाचपत होते. नोंदीची छापील प्रत मी तिथं ठेवली होती. त्यांनी ती ओढली. मग बोटांनी पेन मागितलं. लेकीनं ते डाव्या हातात दिलं. कागद हलत होता, तो तिनं धरला. त्यांनी परक्या माणसाचं नाव शोधलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. पुन्हा मारली. इतकी दाबून मारली की कागद फाटला. मग पेन खालच्या ओळीवर गेलं. तिथं माझं नाव होतं. त्यांनी पेन टेकवलं आणि माझ्या नावाभोवती वाकडंतिकडं गोल केलं. हळू, पूर्ण. कागद उचलून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला.

त्या बाई बघत राहिल्या. "थोडा स्थिर धरा, सर," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "मी फोटो घेते."

दोन दिवसांत नोंद आम्हाला परत मिळाली. त्याच दिवशी मी पुन्हा सांगलीला गेले, बोलावलं नव्हतं तरी. फौजदारबाईंना म्हणाले, "मी त्या दिवशी माहीत नाही म्हणाले ते खरं नव्हतं." आणि जुन्या नावाचं सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर आमचे तीन दिवस वाचले असते. ते नाव विकत घेणाऱ्याचा माग तरी लागला असता."

"मी घाबरले होते."

"दिसत होतं," त्या म्हणाल्या आणि नवा जबाब लिहून घ्यायला सांगितलं.

पुढं एवढंच कळलं की आमचे न वापरलेले अर्धे नंबर कुठल्यातरी परदेशी यंत्रांवरून चालवले जात होते. तो माणूस सापडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. माझ्यावर काही आलं नाही. मी नोंदीतून घरचा पत्ता काढला, माझा मोबाइल काढला, ऑफिसचा पत्ता आणि सगळ्यांनी मिळून बघायचा ईमेल घातला.

त्यानंतर महिन्याभरानं, सकाळी दहाच्या सुमारास, मला एक फोन आला. मुलं शाळेत गेली होती. पलीकडे एक बाई हिंदीत बोलत होती. तिनं माझं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "आप ही हैं न?"

धमकी आलेल्या त्या शाळेतल्या एका मुलीची ती आई होती. कुणीतरी जुन्या नोंदीचा फोटो काढून पालकांच्या मोबाइल गटात पाठवला होता. तो अजून फिरत होता. मुलगी तेव्हापासून वर्गात बसत नाही, म्हणाली. दार बंद झालं की रडते.

मी मोडक्या हिंदीत सांगत सुटले. नंबर चोरीला गेले होते, मी ईमेल केला नाही, पोलिसांकडे सगळं आहे. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "आपके बच्चे हैं?"

"दो हैं."

"स्कूल गए हैं?"

"हाँ."

मग फोन बंद झाला.

तिला माझं खरं वाटलं की नाही, मला कधी कळणार नाही. ऑफिसला जायला निघाले होते, ती गेलेच नाही. चप्पल घालून शाळेकडे गेले आणि शाळा सुटेपर्यंत फाटकासमोरच्या उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहिले.