जकातवाल्याच्या घरातलं बाळंतपण

बेथाया मावशी आमच्या बंदराची सुईण. माझी पाचही बाळंतपणं तिनंच केली. जीभ अशी फटकळ, की पाद्रीसुद्धा तिला बघून वाट बदलायचा. लंडनच्या पार्लमेंटनं आमच्या अमेरिकेतल्या वसाहतींच्या चहावर कर बसवला, तेव्हा घरातला चहा भर चौकात ओतून देणारी पहिली बाई तीच. "मला न विचारता माझ्या कपात हात घालतात मेले!"

त्या मार्चमध्ये जकातवाल्या क्रॉस्बीनं चुगली केली आणि आमच्या माणसांचं जकात चुकवून आणलेलं काकवीचं जहाज जप्त झालं. गावानं सभाघरात शपथ घेतली, क्रॉस्बीच्या घराला पाव नाही, विस्तव नाही, त्याच्या उंबऱ्यावर पाऊल नाही. मावशीनंही हात वर केला होता. आणि आठवड्यात त्याच्या बायकोला, डॉर्कसला, कळा सुरू झाल्या.

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव. शेजारच्या पाच-सहा बायका येतात, पाठ धरतात, धीर देतात. मावशी दारोदार फिरली, कुणी हललं नाही. मीही दार लावून घेतलं, खोटं कशाला बोलू? शेवटी ती एकटीच गेली. मूल पायाळू होतं.

दुपारी माझा नवरा एबेन आणि तीसेक माणसं गरम डांबराची बादली आणि पिसांची उशी घेऊन क्रॉस्बीच्या दाराशी उभी राहिली. चुगलखोराच्या अंगावर डांबर ओतायचं, वर पिसं चिकटवायची आणि हसायचं, ही आमच्याकडची शिक्षा. आम्ही बायका मागं.

"बाहेर ये रे चुगलखोरा!"

वरची खिडकी उघडली. मावशीचे हात रक्तानं माखलेले.

"तो बायकोची पाठ धरून बसलाय! पुरुषाला आत घ्यायची वेळ आणलीत माझ्यावर, लाजा नाही वाटत? त्यानं सोडलं तर ती मरेल. हवाय ना तो? मग पाठवा तुमच्या बायका त्याच्या जागी!"

आतून डॉर्कसची किंकाळी आली आणि माझे पाय आपोआप निघाले. माझी जाऊ प्रूडन्सही मागोमाग आली.

"शपथ मोडतेस?" एबेन ओरडला.

"तू गप बस!"

वर क्रॉस्बी घामानं भिजला होता. मी त्याच्या जागी बसले, डॉर्कसची पाठ माझ्या छातीशी घेतली.

"मागच्या दारानं पळ, मेल्या," मावशी पुटपुटली.

"मी सापडलो नाही तर ते वर येतील," तो म्हणाला आणि पुढच्याच जिन्यानं खाली गेला.

खालून ओरडणं ऐकू आलं, मग हसणं. आणि इथं डॉर्कसच्या किंकाळ्या. मला रडू फुटलं. "रडतेस काय, घट्ट धर तिला!" मावशी खेकसली. अर्ध्या तासानं मुलगी झाली. दोघी वाचल्या.

संध्याकाळी एबेन डांबराचे हात पुढं करून डुकराची चरबी मागू लागला. डांबर तिनंच निघतं.

"नाहीये," मी म्हणाले. अख्खं मडकं मी क्रॉस्बीकडे देऊन आले होते.