न बोलावता आलेलं पातेलं

त्या नोव्हेंबरात माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. उडायलासुद्धा थोडं ऊन लागतं, आणि नेदरलँड्समधल्या आमच्या डेल्फ्टमध्ये त्या महिन्यात ते नव्हतं. माझा विश्वास हीटरवर टाकलेल्या ओल्या मोज्यासारखा पडून होता. सुकत नव्हता, आणि टाकूनही देववत नव्हता.

मी एकाचं दहा करून सांगणारी बाई आहे, हे आमच्या नगरच्या मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. इथला वारा असा, की बाई सायकलवर भाजी आणायला निघते आणि उतरते थेट बेल्जियममध्ये, असं मी फोनवर सांगते, आणि माझी जाऊ घाबरून म्हणते, "अगं, मग खिशात दगड घालून जात जा." माझा नवरा सुहास पाहुण्यांना आधीच बजावून ठेवतो, "हिच्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्या आणि उरलेलं चहाबरोबर घ्या." तर वाचकहो, ह्या साक्षीत वाऱ्याबद्दल, धुराबद्दल आणि माझ्या हुशारीबद्दल जे येईल त्यातलं निम्मं खुशाल सोडा. बाकीचं मात्र जसं घडलं तसं आहे.

ऑक्टोबरच्या मध्यावर माझ्या सासूबाई नगरला प्रभूकडे गेल्या. त्या शाळेत बाई होत्या, आणि उपासनेत पहिल्या बाकावर बसून पाळकांच्याही आधी आमेन म्हणायच्या. सुहासला पेटी त्यांनीच शिकवली, मागे उभं राहून, सूर चुकला की डोक्यावर टिचकी मारत. त्यांची तब्येत उतरल्याचं कळलं तेव्हा सुहासने तिकीट काढलं, पण पुढच्या पंधरवड्याचं. रॉटरडॅमच्या बंदरातल्या कंटेनरांसाठी त्याच्या ऑफिसची नवी सिस्टीम सुरू व्हायची होती, आणि जणू तो हलला तर सगळी जहाजं समुद्रात फेऱ्या मारत राहणार होती. सासूबाईंनी जहाजांची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी दफन झालं. इथे सुहासला दिसावं म्हणून आमच्या चुलत दिरांनी व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता, पण शवपेटी खाली सोडताना त्यांना रडू कोसळलं आणि त्यांचा हात खाली आला. सुहासने आईच्या जागी कोणाच्या तरी चपला पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

मग त्याने तिकीट रद्द केलं. "आता कोणाकडे जाऊ?" एवढंच म्हणाला. ऑफिसला जायचा, यायचा, ताटातलं चिवडायचा आणि सोफ्यावर बसून काळ्या खिडकीकडे बघायचा. घरातल्या वाजवायच्या पेटीवर त्याने चादर टाकली. रविवारी मी आणि आमची आठ वर्षांची रूथ दोघीच चर्चला जायला लागलो. मी एकदा म्हटलं, "अरे, प्रार्थना तरी करूया." तो म्हणाला, "तू कर. मी त्याच्याशी बोलत नाहीये." ज्या माणसाने माझ्याशीसुद्धा कधी अबोला धरला नाही, आणि माझ्याशी अबोला धरायला रोज एक तरी कारण सापडतं, त्याने देवाशी धरला होता. मला त्याची भीती वाटू लागली. तो रडत नव्हता, आणि हा असाच दगड होऊन राहील की काय ह्या विचाराने मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

नगरला असं झालं असतं तर? बातमी पसरायच्या आत दारात चपलांचा ढीग पडला असता. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कोणी पिठलं-भाकरी आणली असती, कोणी चहाची किटली. अंगणात शेकोटी पेटवून पुरुषमंडळी बसली असती, आत बायांनी गीतं धरली असती. कोणी विचारत नाही की येऊ का. दुःखाला बोलावणं नसतं. येणारा आपला येतो आणि बसतो, आणि बसून कंटाळला तरी बसतो.

इथे आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, एका शाळेच्या व्यायामशाळेत भरते. बास्केटबॉलच्या जाळीखाली प्रभुभोजन होतं. डच लोक आहेत, घानाचे आहेत, फिलिपिन्सचे आहेत, दक्षिण आफ्रिकेचे आहेत, आणि आम्ही. माणसं सोन्यासारखी. बातमी कळताच एकेकाचा, पलीकडच्या शेजारणीचासुद्धा, निरोप आला, "तुमच्याकडे येऊ का? काही हवं आहे का?" आणि मी काय लिहिलं? नगरच्या कुठल्याही नीट वाढवलेल्या मुलीने लिहिलं असतं तेच. "नको नको, कशाला त्रास, आम्ही ठीक आहोत." आमच्याकडे पहिलं नको हे उत्तर नसतंच मुळी. ते दाराला लावलेल्या पडद्यासारखं असतं, बाजूला सारून आत यायचं असतं. पाहुण्याने म्हणायचं, "नको काय, मी निघालेच," आणि आपण म्हणायचं, "बघा बाई, उगाच धावपळ," आणि तोवर आधण ठेवायचं.

डच माणसाला नको म्हटलं की तो थांबतो. आदराने थांबतो. वर, स्पष्ट सांगितल्याबद्दल धन्यवाद म्हणतो. पाळकांनी तर मंडळीच्या ग्रुपवर कळवलं की ह्या कुटुंबाला सध्या शांतता हवी आहे, पहिल्या बुधवारची घरगुती प्रार्थना त्यांच्याकडे होणार नाही. मग कार्डं यायला लागली. पांढरी फुलं, पांढरं पीस, धुक्यातला पूल. इथल्या रीतीप्रमाणे रूथने ती दोरीला चिमट्यांनी लावली. दोरी खिडकीपासून निघाली ती स्वयंपाकघर ओलांडून जिन्यावरून वर गेली, आणखी चार कार्डं आली असती तर छतावरून शेजारणीकडे गेली असती. एवढ्या प्रेमाखाली आम्ही तिघं एकटे जेवत होतो.

एकदा मी भांडी घासताना बडबडले, "माणसं म्हणजे दगड आहेत इथली. एक कुत्रं आलं नाही."

रूथ डचमध्ये म्हणाली, "आई, तूच नको म्हणालीस."

"अगं, तसं म्हणायचं असतं."

"मग त्यांना कसं कळणार?"

मी तिला अभ्यासाला बस म्हणून ओरडले. उत्तर नसलं की आमच्या घराण्यात अभ्यासाला बसवतात.

नोव्हेंबरचा पहिला बुधवार उजाडला, म्हणजे उजाडायला हवा होता. दुपारीच दिवे लावावे लागले. सुहास त्या दिवशी घरून काम करत होता, म्हणजे लॅपटॉपचा पडदा काळा झाला तरी त्याच्याकडेच बघत होता. संध्याकाळी मी सिंकपाशी उभी राहिले आणि म्हटलं, "देवबापा, कोणाला तरी पाठव. पण मला विचारून पाठवू नकोस. विचारलंस तर मी नको म्हणेन, तू मला ओळखतोस." एवढीच प्रार्थना. आमेन म्हटलं की नाही तेही आठवत नाही. मग डोक्यावरून पाणी घ्यायला वर गेले.

केसांना शांपू असताना बेल वाजली. पुन्हा वाजली. मी वरून ओरडले, "सुहास, दार!" कित्येक दिवसांत त्याने दार उघडलं नव्हतं. पण बेल वाजवणारा बोट काढायला तयार नव्हता. शेवटी कडी सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक दणदणीत हाक, "सुहास! लवकर आत घे, हात तुटले!"

ते ओम बेन आणि तान्नी रीटा होते. केपटाऊनकडचं कुटुंब. ओम म्हणजे त्यांच्या भाषेत काका, तान्नी म्हणजे काकू, आणि मंडळीतली सगळी पोरं आणि आम्ही त्यांना तेच म्हणतो. महिनाभर दोघं मायदेशी गेले होते, आदल्याच दिवशी परतले होते, आणि ग्रुपवरचे निरोप वाचायचा त्यांना आळस. महिन्याचा पहिला बुधवार आमच्याकडे प्रार्थना असते, एवढं पाठ होतं, म्हणून आले. बेनच्या हातात त्यांचं ते तीन पायांचं काळं बिडाचं पातेलं होतं, त्यात कच्चं मटण आणि भाज्या. ते पातेलं एवढं जड, की त्यांची गाडी एका बाजूला कललेली असते. ह्यातलं निम्मं सोडा, तरी जडच.

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून जिन्यावर आले तेव्हा सुहास दारात उभा होता आणि बेन विचारत होता, "बाकीचे कुठे आहेत?"

सुहास म्हणाला, "कोणी येणार नाही. माझी आई गेली."

तो हे मोठ्याने म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. बेनने पातेलं तसंच धरून ठेवलं. मग म्हणाला, "माझीही. गेल्याच महिन्यात."

मी सवयीचं बोलले. "तान्नी, आज नको. घर पसरलंय, स्वयंपाक नाही, तुम्हीही प्रवासातून आलात, कशाला उगाच…"

"तुला विचारलं कोणी?" तान्नी म्हणाली, मला खांद्याने बाजूला सारत थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, "मीठ कुठे ठेवतेस? आणि केस पूस, सर्दी होईल!"

मी तिथेच जिन्यावर बसले. पडदा कोणीतरी सारला होता.

तीन पायांचं पातेलं आमच्या काचेच्या शेगडीवर उभंच राहीना. बेनला काही नवल वाटलं नाही. ह्या लोकांच्या गाडीत स्टेपनी नसेल पण कोळशाची पिशवी असते. मागच्या अंगणात, म्हणजे चार फरशा आणि एक कचऱ्याचा डबा ह्याला इथे अंगण म्हणतात, तिथे त्याने पावसाच्या भुरभुरीत निखारे पेटवले आणि सुहासच्या हातात छत्री दिली. "विस्तवावर धर," म्हणाला, "माझ्यावर नको." धूर असा झाला की पार तिकडे लायडन शहरातल्या लोकांनी खिडक्या लावल्या असतील. सुहास छत्री धरून उभा राहिला, मग बेन बसला म्हणून तोही उलट्या बादलीवर बसला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आमच्या दारात शेकोटी पेटली होती.

बेनने पातेलं निखाऱ्यांवर ठेवलं. मग सुहास म्हणाला, "तुम्ही पोचलात का?"

"पोचलो," बेन म्हणाला. "शेवटचे दिवस उशाशीच होतो."

"मी पोचलो नाही."

बेनने निखारे सारखे केले. "तिने मला ओळखलं नाही," तो म्हणाला. "मला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायची. रोज विचारायची, बेन कधी येणार? मी तिचा हात धरून सांगायचो, येतोय, वाटेत आहे. तशीच गेली, माझी वाट बघत. मी तिथेच होतो."

सुहासच्या हातातली छत्री कलली. पाणी निखाऱ्यांवर पडून चर्र झालं. आणि माझा नवरा रडला. असा रडला की मला बाहेर धावावंसं वाटलं, पण तान्नीने माझं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाली. "कांदा चीर."

पलीकडच्या कुंपणावरून आमची शेजारीण डोकावली. धुराची तक्रार असणार. तिने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

मी तोंड उघडत होते, ठीक आहे म्हणायला. सुहास आधी बोलला. "नाही," म्हणाला. "माझी आई गेली."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला कोणी नको होतं ना?"

"हवं होतं," सुहास म्हणाला. ती आत गेली, मला वाटलं गेली, आणि पाच मिनिटांनी आमच्या पुढच्या दाराने आली. स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. बिस्किटांचा अख्खा डबाही आणला, आणि एकेक देऊन झाकण लावायच्या डच रीतीविरुद्ध तो उघडाच ठेवला.

जेवण झाल्यावर बेनने त्याच्या भाषेत एक स्तोत्र धरलं. त्याचा आवाज विहिरीतून येतो. सूर ओळखीचा होता. मिशनरी लोक एकच चाल केपटाऊनला आणि नगरला सोडून गेले होते. दुसऱ्या कडव्याला सुहास उठला, पेटीवरची चादर काढली आणि वाजवू लागला. मध्येच एक सूर चुकला. तो थांबला, आणि त्याचा हात आपसूक डोक्यावर गेला, टिचकी बसायची तिथे. मग त्याने पुढचा सूर घेतला. मी मराठीत गायले, रूथ डचमध्ये, शेजारीण नुसतीच बसली. बसून कंटाळली असेल, तरी बसली.

सुहास त्यानंतर बरा झाला असं लिहिलं तर ते माझ्या दहा पटीतलं होईल. आईचे जुने आवाजी निरोप तो अजून उघडत नाही. चपलांचा ढीग दिसला की नजर वळवतो. पण देवाशी त्याचं बोलणं सुरू आहे. कधी कधी भांडण असतं, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, आणि मी देवाचे आभार मानते की भांडायला तरी बसलेत दोघं.

बेन आणि तान्नीला कोणी पाठवलं ह्यावर मी वाद घालत नाही. ते वार चुकले नाहीत, फक्त निरोप वाचायला चुकले, एवढंच मला माहीत आहे. पण आयुष्यभर मी देवालाही नगरच्या रीतीनेच नको म्हणत आले. कशाला त्रास, बाकीच्यांचं बघ आधी, आम्ही ठीक आहोत. आणि वर त्याच्यावर रुसले की आला नाही म्हणून. हल्ली मी प्रार्थनेत मोठ्या गोष्टी मागत नाही. दाराची कडी काढून ठेवते, आणि घर पसरलेलं असलं तरी पसरलेलंच राहू देते.

पातेलं पुढच्या रविवारी परत नेलं. रिकामं भांडं परत करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून सासूबाईंच्या हातच्यासारखं काळ्या मसाल्याचं मटण करून गळ्यापर्यंत भरलं. सुहासने ते सायकलला बांधलं आणि चालत ढकलत नेलं. तान्नी दारातच म्हणाली, "अगं, हे कशाला? नको नको, एवढं नको."

मी तिला खांद्याने बाजूला सारलं आणि आत गेले.