ढिसाळ बोटं

माझी मुलगी बॅगपाइप वाजवते हे कळलं की आपली माणसं आधी हसतात. इकडे शॉमबर्गमधल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही गेट-टुगेदरला हे होतंच. "अगं पण तेच का?" असं कुणीतरी विचारतं. त्याचा मला आता राग येत नाही. ज्याचा येतो ते सांगते.

मिडल स्कूलमध्ये असताना एका परेडमध्ये तिने तो आवाज ऐकला आणि हट्टच धरला. इथल्या एका बँडमध्ये शनिवारी सकाळी शिकवायचे. दुपारी ती एका काकूंकडे गाणं शिकायला जायची. सकाळी किल्ट, म्हणजे तो चौकडीचा स्कॉटिश घागरा, घातलेल्या आजोबांच्या रांगेत उभं राहून मार्च, दुपारी मांडी घालून भूप. मी फक्त ड्राइव्ह करत होते.

या वाद्याची एक अडचण आहे. काखेतली पिशवी दाबली की आवाज सुरू होतो आणि मग थांबत नाही. मध्ये श्वास नाही, आवाज लहानमोठा करता येत नाही. म्हणून एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये बोट झटकन उचलून बारीक खटका घ्यावा लागतो. हे खटके कुठे, किती, कोणत्या बोटाने घ्यायचे याचे नियम जुने आणि कडक. माझ्या मुलीने ते सगळे घोटले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणाले की पोरीला नियमच माहीत नव्हते.

एकदा गॅरेजमध्ये प्रॅक्टिस करता करता ती थांबली. "आई, हे ड्रोन्स म्हणजे तानपुराच आहे ना?" खांद्यावरच्या तीन लांब नळ्या सतत एकच सूर धरून असतात, त्या ड्रोन्सबद्दल ती बोलत होती. "मग यावर मींड का नाही घेत कुणी?"

ती स्वतःच घ्यायला लागली. बोटांनी वाजवायच्या चौथ्या नळीच्या भोकावरून बोट उचलायचं नाही, हळूहळू लोळवत बाजूला न्यायचं, म्हणजे सूर उडी न मारता घसरत जातो. सांगायला सोपं आहे. पण तेवढ्यात कोपर जरा सैल पडलं तर पिशवीचा दाब बदलतो आणि चारही नळ्या बेसूर होतात. कितीतरी महिने आमच्या गॅरेजमधून नुसतं कण्हणं ऐकू यायचं. मग एका दुपारी मी भाजी चिरत होते आणि कण्हणं थांबून तिथून गाणं आलं. मी सुरी ठेवून दारात जाऊन उभी राहिले.

स्कॉटिश खेळांच्या जत्रेत, मैदानावरच्या सोलो स्पर्धेत, तिने एक जुनी संथ धून तशी वाजवली. खटके सगळे जागच्या जागी, फक्त तीन-चार ठिकाणी सूर घसरत नेले. गवतावर बसलेली माणसं बोलायची थांबली. परीक्षक मात्र मख्ख चेहऱ्याने बसला होता. नंबर आला शेवटचा. तिने जाऊन नीट विचारलं, "माझं काय चुकलं?"

तो हसून म्हणाला, "तुमच्या देशात हे संगीत असेल. इथे याला ढिसाळ बोटं म्हणतात."

तुमच्या देशात! त्या मैदानापासून पंधरा मिनिटांवरच्या हॉस्पिटलमध्ये तिचा जन्म झालाय. मी पुढे सरसावले तर तिने माझी बाही धरली. "आई, प्लीज, डोन्ट." त्यानंतर तिने स्पर्धेत भाग घेतला नाही, आजतागायत.

पाइप मात्र सोडला नाही. कॉलेज संपवून ती इथेच नोकरीला लागली, बँडमध्येही राहिली. बँडमधला एक म्हातारा ड्रमर वारला, तेव्हा त्याच्या बायकोचा तिला फोन आला. "तू एकटी असताना वाजवतेस तसं वाजव. त्याला ते फार आवडायचं." बँडच्या प्रमुखांना हे कळलं. माणूस वाईट नाही, पण म्हणाले, "आपल्या युनिफॉर्ममध्ये ते चालणार नाही. लोक काय म्हणतील?"

माणूस मेलाय, त्याची बायको मागतेय, आणि यांना युनिफॉर्मचं पडलंय!

ती युनिफॉर्म न घालता गेली. इंटरव्ह्यूसाठी घेतलेला काळा कोट घातला आणि थंडीत कबरीजवळ उभं राहून वाजवलं. ती बाई डोळे मिटून ऐकत राहिली. प्रमुख मागे टोपी हातात घेऊन उभे होते. पुढच्या शनिवारपासून ते नवी मुलं तिच्याकडे शिकायला पाठवायला लागले. तिच्याकडे शिकलेली मुलं दुसऱ्या बँडांत गेली, तिथल्यांनी त्यांचं वाजवणं ऐकलं. दोन-तीन उन्हाळ्यांत त्या मैदानावर चारपाच जण तरी सूर घसरवत वाजवायला लागले.

आणि मग त्याच परीक्षकाने तिथेच वर्कशॉप ठेवलं. विषय, पारंपरिक वादनात सूर घसरवण्याचं तंत्र.

मी लेकीबरोबर गेले. तो पुढे उभा राहून सांगत होता, "हे आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहेच." असेलही. आयरिश लोक करतात, आणखीही कुणी केलं असेल. माझ्या मुलीने कधीच म्हटलं नाही की हे मी शोधलं. पण मग त्या दिवशी ती परंपरा कुठे गेली होती?

मी उभी राहिले. "याच मैदानावर तुम्ही माझ्या मुलीला ढिसाळ बोटं म्हणालात. शेवटचा नंबर दिलात."

तो गोंधळला. "मला आठवत नाही, मॅम."

"मला आठवतं."

सगळे वळून बघायला लागले. मुलगी हळूच म्हणाली, "आई, बस ना." तेवढ्यात तिच्याकडे शिकलेली एक मुलगी म्हणाली, "तिलाच वाजवून दाखवू दे ना." माझ्या लेकीने वाजवून दाखवलं. कोपर कसं घट्ट ठेवायचं, बोट कुठून लोळवायचं, सगळं सांगितलं, त्यालासुद्धा. तो मान डोलावत म्हणाला, "लव्हली," आणि पुढचा मुद्दा शिकवायला लागला. सॉरी नाही, काही नाही.

परत येताना मी धुसफुसत होते. ती म्हणाली, "आई, लोक वाजवतायत ना? लेट इट गो."

"तू दे सोडून. मी सोडणार नाही."

आता तिथे सूर घसरवला तर मार्क जात नाहीत, उलट मुलांना बक्षिसं मिळतात. मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. पण तिला कुणी अजून म्हटलेलं नाही की त्या दिवशी आमचं चुकलं. या उन्हाळ्यातही परीक्षक तोच आहे. मी ऑफिसात सुट्टी टाकली आहे आणि त्याच्या टेबलासमोरच्या पहिल्या रांगेत, त्याला मी दिसेन अशी, जाऊन बसणार आहे.