नव्या तारखेची प्रत

अंधेरीच्या त्या ऑफिसात मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी टेम्पररी होतो. एका औषध कंपनीच्या गोदामाचा प्रोग्रॅम लिहायचा होता. कॉम्प्युटर दोन, पण एकमेकांना जोडलेले नाहीत. म्हणून तीच फाइल दोन फ्लॉप्यांवर घेऊन तिनं तिकडे, मी इकडे काम करायचं आणि संध्याकाळी शेजारी बसून, कुणी कुठं काय बदललं ते ओळ न् ओळ ताडून बघून, दोन्हींची एक प्रत करायची. कटकटीचं काम, पण मजा यायची. हे काय लिहून ठेवलंयस गं बाई, असं तीही म्हणायची, मीही.

मग साहेबांनी सांगितलं, दोघींतली एकच पर्मनंट होणार. झालं, वाट लागली. त्या दिवसापासून आमचं शेजारी बसणं बंद. आपण काय केलं ते दुसरीला कशाला दाखवा? माझ्या घरी, भांडुपला, संपानंतर गिरणी बंद पडल्यापासून बाबा बसून होते. मागावर हयात गेलेला माणूस दिवसभर दाराशी बसायचा, ते बघवायचं नाही. ही नोकरी मला हवीच होती. मी मान मोडून काम केलं. तीही करत असणार. महिन्याभरात आमच्या फायली एकमेकींना ओळख देईनात.

शेवटी दोन्ही जोडायची वेळ आली, तेव्हा ग्राहकाची घाई. ओळी ताडून बघायला कुणाला सवड? साहेबांनी दोन्ही फ्लॉप्या घेतल्या आणि सोपा नियम लावला. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली की नव्या तारखेची ठेवायची, जुनी उडवायची.

आता तेव्हाची ती मशिनं अशी, की चालू केल्यावर रोज आपणच तारीख टाइप करायची. नाही केली तर मशिन आपलं १९८० सालची एक जानेवारी धरून चालायचं. मैत्रीण इमानेइतबारे तारीख टाकायची. मला कुठला एवढा धीर? मी एंटर दाबून कामाला लागायची. त्यामुळे माझं सगळं काम जुनं ठरलं आणि उडालं. त्या मशिनांत काही साठून राहत नसे, आणि माझी फ्लॉपीही साहेबांनी पुसून दुसऱ्या कामाला घेतली होती.

मी तावातावानं केबिनमध्ये गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "काय केलंस ते दाखव ना."

दाखवणार काय, कपाळ?

ती पर्मनंट झाली. माझा भाग तिच्या प्रतीत नव्हताच, म्हणून जाण्याआधी तेवढा समजावून देशील का, असं तिनं खालच्या आवाजात विचारलं. तुझ्या तारखेलाच विचार, म्हटलं आणि पर्स उचलली.

घरी बाबांना सगळं सांगितलं. तारीख काय, फ्लॉपी काय, त्यांना कुठलं कळायला. तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मगे तू केललंस ता काम खंय गेला?"

मी त्यांच्यावरच उखडले. कुठं म्हणजे काय, गेलं ते गेलं. मग मोरीत जाऊन रडले. त्यांनी विणलेलं कापड निदान कुणाच्या तरी अंगावर असेल. माझं कुठंच नव्हतं.